चावरे होते, पण आपले होते

माणूस गेला की दहा दिवसांत त्याचा संत होतो. हयातभर ज्याने भाडेकरूंचं पाणी तोडलं, भावाच्या वाटणीची आंब्याची झाडं आपल्या नावावर करून घेतली, तोही शोकसभेत 'शिस्तप्रिय' आणि 'व्यवहारचतुर' होऊन जातो. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, हा दंडक आपण कसोशीने पाळतो. परिणाम असा, की वर्षश्राद्धापर्यंत त्या माणसाचं खरं असं काही उरतच नाही. हार घातलेला एक फोटो उरतो आणि त्याच्याखाली चार विशेषणं.

कुत्र्याला या दंडकातून सूट आहे. घरचं कुत्रं गेलं की दोन दिवस रडारड होते, कुणी जेवत नाही, आणि मग कधीतरी तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता आईच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडतं, "काय वात आणला होता मेल्याने!" झालं. धरण फुटतं. चपला निघतात, गादीतला कापूस निघतो, श्रीखंडाचं पातेलं निघतं, पाहुण्यांच्या पोटऱ्या निघतात. एकेक गुन्हा आठवतो तसतशी माणसं खुलत जातात. आमच्या घरी कुत्र्याची आठवण काढणं म्हणजे त्याची तक्रार करणं, आणि शोक करायची हीच पद्धत खरी असं माझं ठाम मत आहे.

जगाला मात्र स्वामिनिष्ठ कुत्री हवी असतात. टोकियोच्या शिबुया स्टेशनाबाहेर हाचिकोचा पुतळा आहे. त्याचे मालक प्राध्यापक उएनो 1925 साली अचानक वारले, तरी हा अकिता जातीचा कुत्रा 1935 मध्ये मरेपर्यंत गाडीच्या वेळेला स्टेशनावर येऊन त्यांची वाट बघायचा. पहिला पुतळा 1934 सालीच उभा राहिला आणि अनावरणाला खुद्द हाचिको हजर होता. आपल्याकडे हे भाग्य भल्या भल्या पुढाऱ्यांना लाभत नाही. पण मला भावलेला तपशील निराळा आहे. मेल्यावर हाचिकोची तपासणी झाली तेव्हा त्याच्या पोटात यकितोरीच्या काड्या निघाल्या. यकितोरी म्हणजे काडीला टोचून भाजलेली कोंबडी. स्टेशनावरची माणसं कौतुकाने त्याला खाऊ घालायची. म्हणजे निष्ठा होतीच, पण जागाही मोक्याची होती. हे वाचलं तेव्हापासून हाचिको मला घरचा वाटायला लागला.

रायगडावरच्या वाघ्याने महाराजांच्या चितेत उडी घेतली, ही कथा आपण शाळेच्या सहलीत ऐकलेली असते. तो खरोखर होता का, यावरून अभ्यासक हमरीतुमरीवर येतात. 2012 साली तर पुतळा चौथऱ्यावरून काढला गेला आणि लगेच परत बसवला गेला. त्या वादात मी पडत नाही. मला अजून रायगडावर जायचं आहे. एवढंच म्हणतो, की कुत्र्याने धन्यामागे जीव द्यावा ही आपली फार जुनी हौस आहे. अगदी अलीकडची गोष्ट घ्या. ऑक्टोबर 2024 मध्ये रतन टाटा गेले तेव्हा त्यांचा लाडका 'गोवा' अंत्यदर्शनाला आला होता. गोव्यात भेटला म्हणून नाव गोवा. सगळ्या देशाने ते दृश्य पाहिलं, देश हळहळला. तेवढ्यावर भागायला हवं होतं. पण थोड्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर बातमी फिरली की धन्याच्या विरहाने गोवानेही प्राण सोडले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडणाऱ्यांची रांग लागली. नंतर खुलासा आला की गोवा धडधाकट आहे, काळजी नसावी. तो वाचून निम्मे लोक चक्क हिरमुसले. मालक गेल्यावर कुत्र्याने दोन घास खाल्ले तर निष्ठेला कुठे बट्टा लागतो? आपण नाही तेराव्याला आग्रह करकरून लाडू वाढत?

आमच्या घरातल्या एकाही कुत्र्याने कुणासाठी प्राण सोडला नसता. पोळी तरी सोडली असती का, यावर घरात दुमत आहे.

घर सांगलीचं, गावभागातलं. पहिला वाघ्या. तो मला अंधुक आठवतो. पण त्याच्या तक्रारी इतक्यांदा ऐकल्या आहेत की मी त्याला ओळखतो असं म्हणायला हरकत नाही. नाव वाघ्या, आणि लक्ष्मीपूजनाला पहिला फटाका वाजला की जो ज्वारीच्या पोत्यांमागे शिरायचा तो भाऊबीजेची ताटं आवरल्यावर बाहेर यायचा. एकदा रात्री चोर आला. परसातला तांब्याचा बंब त्याने उचलून नेला. बंब काही खिशात घालून न्यायची वस्तू नव्हे. आपटला असणार, ओढला असणार. वाघ्या बंबाच्या शेजारीच झोपलेला होता. सकाळी पोलीस आले, त्यांच्यावर मात्र तो असा काही तुटून पडला की जमादारांनी पंचनामा अंगणाबाहेर उभं राहून लिहिला. त्यात 'घरात राखणीचे कुत्रे आहे' अशी नोंद आहे. "त्याला वर्दी आवडत नाही," आजोबा शेवटपर्यंत सांगायचे. चोराने गणवेश घातला नव्हता, यात वाघ्याचा काय दोष?

मग जिमी. त्या काळात मध्यमवर्गीय घरात स्कूटरचा नंबर लागला, फ्रीज आला, की पुढची पायरी पामेरियनची असायची. पांढरंशुभ्र, टीचभर, आवाज मात्र गल्लीला पुरेल एवढा. ते काकाने आणलं, त्यामुळे ते काकाचं. जिमी काकाच्या ताटाशेजारी बसून जेवायचा आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी मिळाली नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाशी बोलायचा नाही.

जिमीच्या नावावरचा सर्वांत मोठा पराक्रम म्हणजे आत्याला बघायचा कार्यक्रम. कोल्हापूरचं स्थळ होतं. पोहे झाले, चहा झाला, आत्याला तीन प्रश्न विचारून आत पाठवलं. मग मुलाचे मामा पाय लांब करून म्हणाले, "तसं आमचं देण्याघेण्याचं काहीच नाही, पण..." त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. कोचाखालून जिमी निघाला आणि त्याने मामांची पोटरी धरली. सोडलीच नाही. मामा उभे राहिले तर जिमी धोतराबरोबर उभा राहिला. त्या काळी कुत्रं चावलं की बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यायची, नुसत्या आकड्यानेच माणूस अर्धा व्हायचा. जिमीला लस टोचलेली आहे, हा कागद, हे बघा, असं काकाने परोपरीने सांगितलं. पण मामांना कागद वाचायचा धीर नव्हता. स्थळ मोडलं. पुढच्या वर्षी आत्या मिरजेला दिली गेली, आणि तिथे कुणी 'पण' म्हटलं नाही. आत्या आता सत्तरीला आली आहे. जिमीची गोष्ट सांगताना ती बरोबर त्या 'पण'पाशी थांबते आणि पदर तोंडाला लावून इतकी हसते की पुढचं आम्हाला सांगावं लागतं.

जिमीचा फोटो एकच आहे, माझ्या मुंजीतला. रोल छत्तीस फोटोंचा. 'कुत्र्यावर फिल्म वाया घालवायची नाही' अशी आजोबांची फोटोग्राफरला सक्त ताकीद. भिक्षावळीचा फोटो आहे: मी मुंडावळ्या बांधलेला, हातात पळसाचा दंड, समोर मामी ताम्हनातून लाडू वाढते आहे. उजव्या कोपऱ्यात, पाटाच्या मागे, पांढरा झुपका दिसतो. नव्या माणसाला तो उपरण्याचा पदर वाटतो. ती जिमीची शेपूट आहे. बाकीचा जिमी फोटोच्या चौकटीबाहेर आहे आणि त्याचं तोंड त्या वेळी भटजींच्या शिध्यात आहे. जिमी गेल्यावर काकाने ती निगेटिव्ह स्टुडिओत नेली आणि मोठा फोटो काढायला सांगितला. स्टुडिओवाला म्हणाला, "मुलाचा चेहरा बरोबर मध्यात घेतो." काका म्हणाला, "मुलगा राहू दे." तो फोटो आजही काकाच्या खोलीत आहे. मामीचा अर्धा हात, दोन लाडू आणि शेपूट.

जिमी गेला तो दिवस सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काका एका सरकारी कचेरीत होता. त्याने रजेचा अर्ज पाठवला: 'घरातील ज्येष्ठ सदस्याचे दुःखद निधन झाल्याने दोन दिवसांची किरकोळ रजा मिळावी.' खोटं काहीच नव्हतं. जिमी पंधरा वर्षांचा होता, कुत्र्याच्या हिशेबाने पंच्याहत्तरी उलटलेला. पण कचेरीत सर्वांनी अर्थ काढला की आजोबा गेले. संध्याकाळी पाच-सहा जण चेहरे पाडून, एक भलामोठा हार घेऊन आले. दार आजोबांनी उघडलं. अंगात बंडी, हातात पेपर, चष्मा कपाळावर.

"कोण पाहिजे?"

हेडक्लार्क एक पाऊल मागे सरकले ते मागच्या माणसाच्या अंगठ्यावर.

"आम्ही... जरा सांत्वनाला आलो होतो."

"मग या ना आत. माडीवर रडतोय तो."

मंडळी बैठकीत बसली. हार मांडीवर. तो कुठे ठेवायचा हे कुणालाच सुचेना. समोर आजोबा बसलेले, त्यामुळे हार घेऊन हलायचीही चोरी. शेवटी आजोबाच म्हणाले, "आणलाच आहे तर वाया कशाला," आणि हार घेऊन परसात गेले, पेरूच्या झाडाखाली जिमीला पुरलं होतं तिथे घालून आले. काका डोळे सुजवून खाली आला. चहा झाला. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग हेडक्लार्कनी घसा खाकरला. म्हणाले, "आमच्याकडे टॉमी होता. तासगावला. वडिलांच्या पानातली भाकरी उचलायचा, पण आमटीत बुडवून." हे 'आमटीत बुडवून' ऐकल्यावर काका पहिल्यांदा हसला. त्यानंतर प्रत्येकाचं निघालं. शिपायाच्या कुत्र्याने सासऱ्याचा दाताचा सेट पळवला होता. टायपिस्टबाईंच्या घरच्या राजाने पूजेला आलेल्या भटजींना दीड तास माडीवर कोंडून घातलं होतं. मंडळी रात्री साडेआठला उठली. उठताना हेडक्लार्कनी वाकून आजोबांना नमस्कार केला आणि "शतायुषी व्हा" असा आशीर्वाद चुकून स्वतःच दिला.

रजा मंजूर झाली. अर्जावर 'ज्येष्ठ सदस्य' या शब्दांखाली तांबड्या शाईत रेघ होती आणि शेरा होता, 'मयताशी नाते स्पष्ट करावे.' काकाने खाली लिहिलं, 'स्पष्ट करता येत नाही.' ती फाइल त्या कचेरीत कुठेतरी अजून असेलच. सरकारी कागद मरत नाहीत.

सरकारवरून आठवलं. तिसऱ्या कुत्र्याचं नावच सरकार होतं. तो मुधोळचा म्हणून आणला. मुधोळ सांगलीपासून फार लांब नाही, आणि तिथल्या शिकारी कुत्र्यांचा लौकिक मोठा. घोरपडे राजांनी ती जात जोपासली, 2005 साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढलं. लांब तोंड, बारीक कंबर, बरगड्या मोजून घ्याव्यात. आमच्याकडे आला तेव्हा सरकारच्या बरगड्या अशाच मोजता येत होत्या आणि विकणाऱ्याने पुरावा म्हणून त्याच दाखवल्या. आईने दोन महिने दूध-भाकरी घातली आणि मुधोळ जाऊन खाली अस्सल गावठी निघाला. तो बारीक होता तो जातीने नव्हे, उपासाने. पण नाव पडलं ते पडलं. तो गेला 1999 च्या एप्रिलात, दिल्लीत वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं त्याच आठवड्यात. बाबांनी ओट्यावर येऊन "सरकार गेलं हो आमचं" म्हटलं, तेव्हा शेजारचे तात्या म्हणाले, "पुन्हा येईल, निवडणुका लागू देत." बाबांनी बिचाऱ्यांनी मान डोलावली.

कुत्रं गेल्यावर नक्की काय करायचं, हे आपल्या शास्त्रात कुठे सांगितलेलं नाही ही मोठीच पंचाईत आहे. सुतक किती? शिवाशिव काय? दाढी करावी की वाढवावी? जुन्या इजिप्तच्या लोकांनी हा प्रश्न निकालात काढला होता. हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे की घरात मांजर मेलं तर ते लोक फक्त भुवया काढत, आणि कुत्रं मेलं तर डोक्यासकट सगळं अंग भादरत. मांजरांना देव मानणाऱ्यांच्या देशातही दर्जा ठरलेला होता. आपल्याकडे उलट गंमत. श्राद्धाच्या दिवशी पंचबलीत गाय, कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही वाटा निघतो. म्हणजे आपल्या पितरांच्या निमित्ताने कुत्रं जेवणार. पण कुत्रं स्वतः पितर झालं तर त्याच्या नावाने पान नाही. पेरूखालच्या जिमीसाठी काका पितृपक्षात सर्वपित्रीला एक वडा गुपचूप ठेवायचा. त्याला कावळा शिवायला कधीच वेळ लागला नाही. जिमीची एकही इच्छा अपुरी राहिलेली नव्हती, हेच त्याचं कारण.

कवी बायरनने तर 1808 मध्ये आपल्या बोट्सवेन नावाच्या कुत्र्याची समाधी बांधली, ती पुढे झालेल्या त्याच्या स्वतःच्या थडग्याहून मोठी आहे. कुत्रा पिसाळून मेला होता. समाधीवर कोरलेल्या मजकुराचा सारांश असा, की त्याच्यात माणसाचे सगळे गुण होते आणि दुर्गुण एकही नव्हता. मला हे पटत नाही. दुर्गुण एकही नाही? मग त्या कुत्र्याबरोबर राहत कोण होतं? एवढा मोठा कवी, आणि त्याने कुत्र्यालाही शोकसभेतला माणूस करून टाकलं.

शेवटचा खंड्या. चंपाषष्ठीला घरी आला म्हणून खंडोबाच्या नावाने खंड्या. खरं तर खंड्या म्हणजे पाण्यात सूर मारणारा पक्षी, आणि लॅब्रॉडॉर ही जातही न्यूफाउंडलंडच्या थंडगार समुद्रात कोळ्यांची जाळी ओढून पोसलेली. आमचा खंड्या अंघोळीची बादली दिसली की देवघरात जायचा. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फुटांची. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचा खालचा मजला बुडाला. जवान रबरी बोट घेऊन माडीच्या गॅलरीला लागले. आई म्हणाली, "आधी खंड्याला घ्या, मग मी येते." जवानांनी वाद घातला नाही, त्यांनी त्या आठवड्यात म्हशी पाहिल्या होत्या. पण ज्या जातीने पिढ्यान् पिढ्या समुद्र कापला, तिचा हा वंशज देव्हाऱ्याखाली अडकून बसला आणि निघेना. चौघांनी मिळून त्याला चादरीत घालून बोटीत उतरवला. बोटीत बसल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे एका जवानाच्या खिशातला बिस्किटाचा पुडा कागदासकट खाल्ला. छावणी एका शाळेत होती. मदत म्हणून बिस्किटांचे खोके येत होते आणि पोरं खंड्याला एकेक देत होती. पूर ओसरल्यावर आम्ही घरी परतलो तेव्हा सगळ्या पूरग्रस्तांत वजन वाढलेला तो एकटाच होता.

वजन ही खंड्याची कायमची भानगड. डॉक्टरांनी खाणं बांधून दिलं होतं. आई मोजून घालायची, वजन काट्यावर हलायचं नाही. डॉक्टरांनी पोटातले जंत पाहिले, थायरॉइडची तपासणी केली, शेवटी "हाडंच जड आहेत" असं काहीतरी म्हणाले. उलगडा झाला तो खंड्या गेल्यावर. तिसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या एक आजी आल्या. म्हणाल्या, "आमचा शेरू गेला म्हणे." कोण शेरू? सकाळी सातला त्यांच्याकडे दूध-पोळी व्हायची. मग शेजारच्या वाड्यातले पेन्शनर आले, त्यांचा तो बंडू, त्यांच्याकडे साडेआठला मारी बिस्किटं. सर्वांत शेवटी भाजीवाली मावशी आली आणि ओट्यावर बसून जी रडायला लागली, ती "माझा गणपा, माझा गणपा" म्हणून. गणपाला ती दुपारी भाकरीबरोबर बोंबलाची चटणी द्यायची. आमच्या शाकाहारी घरात क्षणभर शांतता पसरली. मग आईने मावशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "तिखट चालायचं का गं त्याला?"

भाची बंगळूरला असते. तिने घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'खंड्याने रेनबो ब्रिज ओलांडला.' हल्ली असं लिहितात. आईने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"कुठला पूल?"

"असतो एक, इंद्रधनुष्याचा. प्राणी गेले की त्यावरून पलीकडे जातात म्हणे."

"आपल्याकडे आयर्विन. तो ओलांडला की सांगलवाडी. तिकडे कशाला जाईल तो? त्याला पाण्याची भीती," आई म्हणाली, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसली.

मी आता पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. इथे कुत्रं पाळणं सोपं झालंय, ते गेल्यावर काय करायचं हे अवघड. पेरूचं झाड नाही, परस नाही. मुंबईत महापालिकेने 2023 साली मालाडला प्राण्यांसाठी गॅसची दहनभट्टी सुरू केली, हे उत्तम झालं. आणखी ठिकाणी व्हायला हवं. गोणपाटात गुंडाळून रात्री जागा शोधत फिरणाऱ्या माणसाची अवस्था ज्याने पाहिली आहे, तो यावर विनोद करणार नाही.

सोसायटीचा जाच वेगळाच. स्वर्गाच्या दारात इंद्राने धर्मराजाला अडवलं होतं ते याच मुद्द्यावर: कुत्र्यासकट प्रवेश नाही. चार भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडले, कुत्रं मात्र शेवटपर्यंत आलं, आणि सेक्रेटरी म्हणतो, बाहेर बांधा. धर्मराज म्हणाला, मग मीही येत नाही. प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक तेव्हा नव्हतं, नाहीतर त्याने तेच पुढे केलं असतं. सोसायट्यांना सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. ते कुत्रं म्हणजे साक्षात यमधर्म होता, असं व्यासांनी पुढे सांगून टाकलं. मला ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं. नुसतं कुत्रं असतं तरी धर्मराजाचं बरोबरच होतं.

सांगलीच्या घराच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी मात्र अजून आहे. ती आजोबांनी वाघ्यासाठी रंगवून घेतली, म्हणजे पहिल्या दिवसापासून ती खोटीच होती. तिच्याखालून चार कुत्री गेली, पुराचं पाणी गेलं. आता घरात कुत्रं नाही. आईला वयामुळे जमत नाही. तरी पाटी काढायचं कुणी नाव काढत नाही. पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. तिथल्या एका घराच्या दारात हीच सूचना खड्यांनी जडवलेली आहे, शेजारी साखळीला बांधलेलं काळं कुत्रं. दोन हजार वर्षं होत आली. लोक तिकीट काढून ती पाटी बघायला जातात. ते कुत्रं कुणाला चावलं होतं, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते.

म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरचं कुत्रं गेलं आहे, त्यांच्याकडे जाल तेव्हा 'दुसरं आणा की' म्हणू नका. 'शेवटी कुत्रंच तर होतं' असं तर चुकूनही म्हणू नका. तसं म्हणणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्यांदा चहा मिळालेला नाही. निष्ठा, माया, मुकं जनावर हेही नको. पंखा लावून ऐसपैस बसा आणि सरळ विचारा, "चावला होता का हो कधी कुणाला?" तासाभराच्या आत तुम्हाला कुणी उठू देणार नाही. आणि जाताना फाटकावर पाटी दिसली तर आधी कडी वाजवा, थांबा. पाटी जुनी असली तरी कुत्रं नवीन असू शकतं.